वैनीची न दुखणारी कंबर

चहा आधी संपवून घ्या. नंतर तुम्ही माझ्याकडं अशा नजरेनं बघाल, की मलाच कप उचलून आत पळावं लागेल. माझी बायको गेलं वर्षभर त्याच नजरेनं बघतेय, त्यामुळं तशी सवय झालीय म्हणा!

चुका कुणाच्या होत नाहीत? आमच्या कॉलेजातले एक सर चुकीच्या लग्नात जाऊन आहेर देऊन, जेवून, वर नवरदेवाच्या मामाला चार उपदेश करून आले. हसलो, विसरलो. पण मी जी माती खाल्ली, ती आठ महिने खात होतो. रोज, थोडी थोडी. आणि त्रास कुणाला? आमच्या वैनीला.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची बायको. आमचं गाव नायगाव तालुक्यात, दोघं तिथं शेती करतात. वैनी लग्न होऊन घरात आली तेव्हा ती अठराची आणि मी नऊ वर्षांचा. आमची आई आधीच गेलेली. म्हणजे सासू नाही, आणि सासूच्या जागी हे नाक वाहणारं ध्यान पदरात! पण रीत ती रीत. नऊ वर्षांच्या दिरालाही ती ‘भावजी’च म्हणायची. "अवो भावजी, नाक पुसा." "भावजी, नाडी बांधा, चड्डी सुटायली." असा मान जगात दुसऱ्या कुणाला मिळाला असेल का, सांगा!

तिनं मला वाढवलं, शिकवलं, परीक्षेला जाताना हातावर दही घातलं. मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात मराठीचा प्राध्यापक झालो. झालो ते झालो, डोक्यात शुद्ध भाषेचं वारं शिरलं. घरी कुणी ‘हाव’ म्हटलं की मी म्हणणार, "हो म्हणा." कुणी ‘लई’ म्हटलं की मी म्हणणार, "खूप." माझी पोरं तर माझ्यासमोर खुणेनंच बोलायला लागली होती.

तर मागच्या वर्षी होळी झाल्यावर वैनी नांदेडला आली. मी तिला आणायला बसस्टँडवर गेलो. बघतो तर काय, बसमधून उतरताना वैनीनं एक पाय खाली ठेवला, दांडा घट्ट धरला, आणि दुसरा पाय हातानं उचलून आणावा तसा खाली आणला.

कंडक्टर म्हणाला, "सावकाश, आजी."

"आजी कुणाला म्हनतो रं?" वैनी कडाडली. पंचावन्न म्हणजे काय वय आहे?

मी विचारलं, "वैनी, काय झालं?"

"काय न्हाई. जरा दुखायलंय."

"कुठं?"

"हे काय... मागं. खाली." तिचा हात पाठीवरून निघाला, गुडघ्यापर्यंत जाऊन आला, आणि पदराखाली गेला.

"कंबर?"

"कंबर म्हंजी... कमरंच्या जरा खाली."

"म्हणजे कंबरच!"

वैनीनं पिशवी माझ्या हातात दिली.

आता मला सांगा, कमरेच्या खाली काय असतं? ज्यावर आपण जन्मभर बसतो ते असतं! पण दिरानं वैनीसमोर उच्चारावा असा शब्द मला सापडेना. ‘नितंब’ म्हणावं तर ते कवितेतलं. ‘कुल्ला’ म्हणावं तर ते भांडणातलं. उरला तो शब्द तान्ह्या लेकरांसाठी. बरं, ‘खुबा’ हा साधा, घरंदाज शब्द आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या आहे. तो ऐनवेळी मराठीच्या प्राध्यापकाला आठवला नाही. मग मी काय केलं? सगळ्या भागाला मिळून ‘कंबर’ म्हणून टाकलं.

घरी बायको म्हणाली, "वैनींना दवाखान्यात मी नेते. बायकांचं काही असलं तर बायकांनाच सांगता येतं."

मी म्हणालो, "सुनीता, डॉक्टरांशी मुद्देसूद बोलावं लागतं. मी जातो."

मुद्देसूद! आज हा शब्द वर्गात फळ्यावर लिहायची वेळ आली, की मी पोरांनाच लिहायला लावतो.

दवाखान्यात ही गर्दी. आमचा नंबर आला. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतो?"

वैनीनं तोंड उघडलं. मी त्याआधीच म्हणालो, "डॉक्टर, यांना दोन महिन्यांपासून कटिशूल आहे."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे काय?"

"कंबरदुखी."

"मग तसं म्हणा की सर! कळ पायात जाते का?"

"गुडघ्यापत्तोर जाती," वैनी म्हणाली. तेवढंच तिला बोलायला मिळालं.

"टेबलावर झोपा बघू. पाय वळवून बघतो."

वैनीनं साडी दोन्ही हातांनी आवळून धरली आणि माझ्याकडं बघितलं. त्या क्षणी मी काय करायला पाहिजे होतं? उठून बाहेर जायला पाहिजे होतं! दार चार पावलांवर होतं, उघडंच होतं. पण मी बसल्या जागेवरून म्हणालो, "राहू द्या डॉक्टर, गावाकडच्या आहेत, संकोच वाटतो त्यांना."

संकोच माझा, नाव वैनीचं!

डॉक्टर बिचारे काय करतील? त्यांनी मणक्याचा एक्स-रे काढायला सांगितला. त्यात थोडी झीज दिसली. जन्मभर शेतात वाकलेल्या बाईच्या मणक्यात झीज नाही दिसणार तर काय दिसणार? गोळ्या दिल्या, कमरेचा पट्टा दिला आणि निघताना बजावलं, "पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर परत आणा. नीट तपासू."

हे वाक्य मी ऐकलं होतं. अगदी स्पष्ट ऐकलं होतं. पण पंधरा दिवसांनी मी वैनीला परत नेलं का? नाही. मी स्वतःच डॉक्टर झालो! मोबाइलवर कंबरदुखीचे व्हिडिओ बघितले, वहीत टिपणं काढली आणि वैनी गावी परतल्यावर रोज संध्याकाळी तिकडं फोन.

"अण्णा, वैनींची गादी काढा. कडक फळीवर झोपवा. मऊ गादीनं मणका वाकतो."

अण्णांनी गादी काढली. दुखत होता खुबा. त्याच कुशीवर ती बाई महिनोन् महिने लाकडाच्या फळीवर झोपली. दुखलं तरी झोपली, कारण भावजींनी सांगितलं होतं.

मग व्हिडिओ कॉलवर व्यायाम सुरू झाले. मी इकडं सतरंजीवर पालथा पडून मान वर करून दाखवायचो. तिकडं वैनी फोनकडं बघत उभी. मागून अण्णांचा आवाज यायचा, "काय करून राहिला गं तो? पडला का काय?"

जून महिन्यात गावी गेलो तर वैनीच्या कमरेला पट्टा नाही.

"वैनी, पट्टा कुठंय?"

"हाय की. लई चांगला हाय."

पट्टा अण्णांच्या मोटारसायकलवर होता. मागं सोयाबीनच्या बियाण्याचं पोतं, आणि पोत्याला कमरेचा पट्टा आवळून बांधलेला!

"अरे, पोतं तसूभर बी हालत न्हाई," अण्णा कौतुकानं म्हणाले.

मी संतापलो. पेशंटनं शिस्त पाळली नाही तर गुण कसा येणार, यावर अर्धा तास बोललो. वैनी खाली मान घालून ऐकत होती. मधेच एकदा म्हणाली, "भावजी, पट्टा बांधते तिथं दुखतच न्हाई वो."

तुम्हाला कळलं ना आत्ता? लगेच कळलं ना? मला नाही कळलं! मी म्हणालो, "बघा, म्हणजे पट्ट्याचा गुण येतोय!"

दिवाळीपर्यंत वैनी चांगलीच लंगडायला लागली. मी निदान केलं: सवय. पाय दुखायचा म्हणून लंगडत होत्या, आता लंगडायची सवयच लागलीय. भाऊबीजेला घरात पाहुण्यांची पंगत बसली. वैनीनं खुर्ची मागितली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "वैनी, सवय मोडा. मांडी घालून बसा."

बसली. माझ्या शब्दाखातर बसली. मांडी काही घातली गेली नाही, एक पाय तसाच तिरका राहिला. जेवण झाल्यावर तिला दोघी बायकांनी काखेत हात घालून उठवलं. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि नोव्हेंबर महिना होता.

ते बघून वैनीची मुलगी रेखा माझ्यावर उसळली. ती लातूरला असते, दिवाळीला माहेरी आलेली. "काका, आईला पायाची नखं कापता येईनात, माहीत हाय का तुम्हाला? मी कापून दिली काल."

"कंबर वाकत नसेल."

"कंबर वाकती! पायच वर येत न्हाई! मी तिला लातूरला नेते. तुम्ही राहू द्या आता."

"मी येतो ना. फाईल माझ्याकडं आहे."

फाईल! आठ महिन्यांची कमरेची फाईल, मी वर नाव घालून, पानांना आकडे टाकून ठेवलेली. ती घेऊन मी लातूरला गेलो.

लातूरच्या त्या हाडांच्या डॉक्टर म्हणजे पस्तिशीतल्या एक बाई. हसऱ्या, पण कामाला चोख. मी फाईल उघडून सुरुवात केली, "यांना जानेवारीपासून..."

"सर, तुम्हाला दुखतंय का?"

"नाही."

"मग मावशींना बोलू द्या. मावशी, कुठं दुखतं? बोट ठेवून दाखवा."

वैनीनं डॉक्टरांकडं बघितलं, रेखाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आणि हळूच म्हणाली, "कसं दाखवू? भावजी हाईत."

मी उठून बाहेर निघालो. एवढी अक्कल तोवर आली होती! पण दाराबाहेर स्ट्रेचर अडवं लागलेलं, दार उघडेना. डॉक्टर म्हणाल्या, "राहू द्या. भावजी, तुम्ही तिकडं भिंतीकडं तोंड करून उभे राहा."

शेचाळीस वर्षांचा, दोन तुकड्यांचा वर्गशिक्षक, मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो! आणि भिंतीवर काय होतं? एक भलंमोठं रंगीत चित्र. माणसाचा मागचा भाग, कातडी काढून, आतलं सगळं दाखवलेला. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर. लालभडक मोठे स्नायू, त्यांच्याखालून गेलेली जाड पिवळी नस, आणि शेजारच्या चित्रात नुसती हाडं. ओटीपोटाच्या हाडाला बाजूनं एक खोल वाटी, आणि मांडीच्या हाडाचा वरचा गोल गोळा त्या वाटीत बसलेला. तिथं लिहिलं होतं: खुब्याचा सांधा. कंबर पार वर होती, चित्राच्या कडेला.

पाठीमागून वैनीचा आवाज आला. आधी दबका, मग मोकळा. आठ महिन्यांत मी ऐकला नव्हता इतका मोकळा.

"हितं बघा बाई. ह्या जांघंत. लई आतमंदी ठणकतंय. मग कुल्ल्यात जातं, मग मांडीतून गुडघ्यावर. मांडी घालता येईना, पायताण घालता येईना. ह्या कुशीवर झोपलं की जीव जातोय."

"आणि कंबर?"

"कमरंला काय धाड भरलीय? कंबर माझी लई चांगली हाय!"

"मग आठ महिने कमरेचे उपचार कामून केले?"

मग वैनी म्हणाली, "भावजी म्हनले कंबर. ते परफेसर हाईत."

मी त्या लाल स्नायूंकडं बघत राहिलो. दुसरीकडं बघायला जागाच नव्हती.

डॉक्टरांनी पाय हळूच आतल्या बाजूला वळवला असावा. वैनी "आई गं!" म्हणून अशी ओरडली, की मी विसरून गर्रकन वळलो. डॉक्टर म्हणाल्या, "बघा, दोन मिनिटांत सापडलं. हा पाय वळवून कुणी बघितलाच नाही का?"

बघणार होते की एक जण! मीच नको म्हणालो होतो.

एक्स-रे झाला, मग मोठ्या मशीनमध्ये फोटो झाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं. एका हाताची वाटी केली, त्यात दुसऱ्या हाताची मूठ ठेवली. "हा खुब्याचा सांधा. ही वाटी, हा गोळा. ह्या गोळ्याला होणारा रक्ताचा पुरवठा कमी झाला, की आतलं हाड मरायला लागतं. कधी कधी कारण सापडतच नाही. मावशींचा गोळा वरून चेपलाय. आता सांधा बदलावा लागेल."

रेखानं विचारलं, "आधी आलो असतो तर?"

"लवकर सापडलं तर लहान ऑपरेशन करून गोळा वाचवायचा प्रयत्न करता येतो. वाचतोच असं नाही. पण प्रयत्न करता आला असता."

त्या माझ्याकडं बघून बोलल्या नाहीत. बघून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी वैनीच्या खाटेशी बसलो होतो. रेखा जेवण आणायला गेलेली. मी शेवटी विचारलं, "वैनी, तुम्ही मला ठणकावून सांगितलं कामून नाही? की कंबर नाही म्हणून?"

वैनी छताकडं बघत होती. "सांगितलं की. कमरंच्या खाली म्हनलं. पट्ट्यापाशी दुखत न्हाई म्हनलं. तुम्ही ऐकलं कुठं?"

"मग जोरात सांगायचं! मला लहानपणी कशा रागवायच्या?"

"तवा तुम्ही लहान होते." तिनं मान माझ्याकडं वळवली. "भावजी, राग येऊ देऊ नका. तुमच्या घरी मी तोंड उघडलं की तुम्ही शब्द सुधारता. हाव म्हनलं की हो म्हणा. पाव्हण्यांसमोर बी. मग मला वाटतं, गप बसलेलं बरं. अन् जांघ, कुल्ला असलं तुमच्यासमोर कसं बोलावं? तुम्ही काय म्हनलं असतं?"

काय म्हणालो असतो, मला नक्की माहीत आहे. "वैनी, असे शब्द वापरू नयेत," म्हणालो असतो.

ज्या बाईनं मला बोलायला शिकवलं, तिला मी माझ्या घरात गप्प बसायला शिकवलं होतं. हे मला कळलं ते लातूरच्या दवाखान्यात, वॉर्डातल्या पंख्याखाली, शेचाळिसाव्या वर्षी. मी म्हणालो, "वैनी, चुकलं माझं." आणि नाक वाहायला लागलं. वैनीनं उशाखालचा टॉवेल काढून दिला. "पुसा," म्हणाली, "लोक बघायलेत."

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर धरून उभं केलं. पहिलं पाऊल टाकलं आणि ती रडायला लागली. मी घाबरलो. "दुखतंय का?"

"न्हाई वो. दुखत न्हाई म्हणून रडायले."

आता सांधा नवा आहे, चालते छान. पण खाली मांडी घालून बसायची नाही, फार वाकायचं नाही. गावाकडच्या बाईला हे सोपं नाही. चुलीपाशी बसणं गेलं, ओसरीवर बायकांत मांडी ठोकून बसणं गेलं. अण्णांनी तिच्यासाठी उंच खुर्ची आणलीय. बायका खाली बसतात आणि वैनी वर, एकटी. कुणी म्हणतं राणीसारखी दिसते. मला नाही तशी दिसत. गोळा वाचला असता तर कदाचित खाली त्यांच्यात बसली असती, हेच डोक्यात येतं.

महिन्याभरानं गावी गेलो होतो तेव्हाची गोष्ट सांगतो आणि मग तुमचे कप उचलतो. मी आत अण्णांपाशी बसलेलो. ओसरीवर गावातल्या आठदहा बायका वैनीला भेटायला आलेल्या. एकीचं दुखणं निघालं. तिनं कुजबुजत काहीतरी सांगितलं. त्यावर वैनी खुर्चीवरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं, असं कानात काय सांगायलीस? जांघंत दुखत असंल तर जांघ म्हनायचं, कुल्ल्यात दुखत असंल तर कुल्ला म्हनायचं. डाक्टरला लाज न्हाई, मग आपल्याला कामून?"

बायका खिदळल्या. आत मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वैनीचा आवाज परत आला होता. मी अण्णांना म्हणालोसुद्धा, "बघा, वैनी किती मुद्देसूद बोलायल्या."

तेवढ्यात त्या बाईनं विचारलं, "मग मी दवाखान्यात एकलीच जाऊ व्हय? मला तिथलं काय कळतंय?"

"एकली कशाला? कुनाला बी ने. सून ने, शेजारीण ने, म्हैस ने," वैनी म्हणाली. "फकस्त शिकलेला माणूस तेवढा नेऊ नको."